गणिताचं पुस्तक बदललं, पण वर्गात नेमकं काय बदलणार?

२०२५ मध्ये महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणावरून जे रान पेटलं ते सगळं तिसऱ्या भाषेवरून. एप्रिलचा जीआर, जूनचा जीआर, मोर्चाची घोषणा आणि २९ जूनला दोन्ही जीआर मागे. त्या गदारोळात गणिताकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही, आणि माझ्या मते पोरांच्या रोजच्या शाळेत सगळ्यात मोठी उलथापालथ तिथेच होतेय. सीबीएसई शाळांमधल्या सहावी-सातवीच्या पालकांना ती आधीच जाणवलीये. ग्रुपवर ठरलेले मेसेज येतात, बीजगणित कुठे गेलं, हे पुस्तक आहे की कोडी, उदाहरणसंग्रह एवढासाच का, आणि शेवटी कोणीतरी लिहितंच की आमच्या वेळी बरं होतं. स्टेट बोर्डवाल्यांकडे हे सगळं टप्प्याटप्प्याने यायचंय, पहिलीपासून सुरुवात २०२५-२६ ला झालीये. म्हणून म्हटलं एकदा नीट मांडू या.

धोरण, आराखडा, पुस्तक : कोण कोणाच्या वर

बातम्यांमध्ये हे सगळे शब्द एकमेकांत मिसळतात, त्यामुळे आधी ते सोडवून घेऊ. सगळ्यात वर धोरण, म्हणजे २९ जुलै २०२० ला आलेलं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, एनईपी. त्यात गणिताबद्दल फार तपशील नाहीये, घोकंपट्टी कमी करा, अभ्यासक्रम गाभ्यापुरता ठेवा, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि साधा हिशोब करता आला पाहिजे, अशा मोठ्या दिशा आहेत. त्याच्या खाली आराखडा, म्हणजे कुठल्या वयात कुठल्या विषयात मुलाला काय यायला हवं हे सांगणारा जाडजूड कागद. शालेय शिक्षणाचा हा राष्ट्रीय आराखडा ऑगस्ट २०२३ मध्ये आला (लहान मुलांचा वेगळा, तो २०२२ मध्येच आला होता). आराखड्यावरून अभ्यासक्रम, आणि अभ्यासक्रमावरून पुस्तक.

शिक्षण हा केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीतला विषय आहे, १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून. त्यामुळे एनसीईआरटीचं (शालेय पुस्तकं तयार करणारी केंद्राची संस्था) पुस्तक बदललं की सीबीएसई शाळांत ते लगेच येतं, पण महाराष्ट्र आपला राज्य आराखडा करतो, बालभारती आपली पुस्तकं काढते आणि दहावीचा पेपर आपलं बोर्ड काढतं. म्हणजे दिल्लीत ठरलेली गोष्ट गडचिरोलीतल्या चौथीच्या वर्गात पोचेपर्यंत चार-पाच हातांतून जाते आणि प्रत्येक हातात थोडी बदलते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सहावीच्या पुस्तकात काय दिसतं

एनसीईआरटीचं सहावीचं नवं गणित, 'गणित प्रकाश', २०२४ मध्ये आलं. दहा धडे. पहिला धडा संख्यांची ओळख वगैरे नाही, आकृतिबंधांचा, म्हणजे पॅटर्नचा आहे. संख्यांच्या धड्यात मुलं ओळीत उभी आहेत आणि प्रत्येक जण एक संख्या बोलतोय, ती संख्या म्हणजे काय हे ओळखायचं असतं (शेजारच्यांपैकी किती जण त्याच्यापेक्षा उंच आहेत ते). अक्षरं वापरून लिहायचं बीजगणित सहावीतून उठून सातवीत गेलंय, गुणोत्तर-प्रमाण तर आठवीत.

आणि संख्यांच्या त्याच धड्यात आपले कापरेकर आहेत! डहाणूला जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहानात लहान, आणि वजा करा. १, २, ३, ४ घेतले तर ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आलं ६१७४. आता ६१७४ वर हेच केलं तर ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. कुठूनही सुरू करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येऊन अडकता.

आता बघा इथे काय झालं. पोराने पाच-सहा वेळा चार अंकी वजाबाकी केली, तीही हातच्याची, आणि कोणी त्याला 'खालील वजाबाक्या करा' म्हटलं नाही. वर त्याला प्रश्न पडला की असं का होतं, तीन अंकांना होतं का, पाच अंकांना होतं का. सराव गेलेला नाहीये, तो कोड्याच्या आत लपवलाय. पालकांना उदाहरणसंग्रह दिसत नाही म्हणून वाटतं की सराव गेला.

माझं स्पष्ट मत, पुस्तक चांगलं आहे. काही ठिकाणी पसरट झालंय, काही कोडी अशी आहेत की शिक्षकाने आधी घरी सोडवून पाहिली नाहीत तर वर्गात पंचाईत, पण चांगलं आहे.

५२ वजा २७

बदलाचा गाभा एका साध्या वजाबाकीत दाखवता येतो. आपण शिकलो ते असं, दोनातून सात जात नाहीत, दशकाकडून एक घ्या, बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन, उत्तर २५. पद्धत भारी आहे, कधीच चुकत नाही, पण 'दशकाकडून एक घ्या' म्हणजे खरं तर दहा घेतले हे वर्गातल्या किती जणांना कळलेलं असतं?

नव्या पद्धतीत शिक्षकाने आधी विचारायचं, तू कसं करशील. एक जण म्हणेल २७ पासून ३० पर्यंत तीन, ३० पासून ५० पर्यंत वीस, वर दोन, झाले पंचवीस. (भाजीवाली सुट्टे परत देताना असंच मोजते.) दुसरा म्हणेल ५२ मधून ३० काढले, २२ राहिले, तीन जास्त काढले होते ते परत टाकले. यावर बोलणं झालं की मग उभी मांडणी शिकवायची. आधी वस्तू हाताळा, मग त्याबद्दल बोला, मग चित्र काढा आणि सगळ्यात शेवटी चिन्हं लिहा, असा क्रम आराखड्यात लहान वर्गांसाठी सांगितलाय. जुन्या पद्धतीत आपण चिन्हांपासूनच सुरू करायचो.

फरक कुठे पडतो? पत्ता माहीत असणं आणि गाव माहीत असणं यात जो फरक आहे तो. मारुतीच्या देवळापाशी डावीकडे, मग तिसरी गल्ली, असं पाठ असलेला माणूस रोज बरोबर पोचतो, पण गणपतीत मांडव पडून ती गल्ली बंद झाली की तो उभाच. ज्याला गाव माहितीये तो मागून येतो. परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला की पोरं 'हे आम्हाला शिकवलंच नाही' म्हणतात, ती हीच बंद गल्ली.

आता भाजीवालीवरून सांगतो. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये छापून आला. ही मुलं गिऱ्हाइकाचे अवघड हिशोब तोंडी, झटपट आणि बरोबर करत होती, पण तेच गणित पुस्तकातल्यासारखं कागदावर दिलं की अडकत होती. आणि शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं बरोबर उलटी, कागदावर बरी पण बाजारातल्या हिशोबात ढेपाळणारी. म्हणजे शाळेचं गणित आणि बाहेरचं गणित यांच्यात पूलच नाही. नवा आराखडा तो पूल बांधायला बघतोय, निदान कागदावर.

एवढी गरज होती का?

होती. 'असर' या 'प्रथम' संस्थेच्या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्क्यांनाच वजाबाकी येत होती आणि पाचवीतल्या ३०.७ टक्क्यांनाच भागाकार. आणि हे आकडे २०२२ पेक्षा सुधारलेले आहेत बरं का, तेव्हा २५.९ आणि २५.६ होते! म्हणून तर तिसरीपर्यंतचं पायाभूत संख्याज्ञान हे केंद्राच्या 'निपुण भारत' अभियानाचं मोठं उद्दिष्ट आहे, मुदत २०२६-२७.

हे पहिल्यांदाच होतंय का?

अजिबात नाही. १९५७ मध्ये रशियाचं स्पुटनिक वर गेलं आणि अमेरिका घाबरली, शाळांमध्ये 'नवं गणित' आणलं, लहान मुलांना संच वगैरे शिकवायला लागले. पालकांना कळेना, शिक्षकांना झेपेना, काही वर्षांत ते गुंडाळलं. आपल्याकडेही ती लाट आली होती, आजी-आजोबांना विचारा, 'संच' म्हटलं की कपाळाला आठ्या येतात.

मग २००५ चा राष्ट्रीय आराखडा. त्यावेळी गणितासाठी चेन्नईचे संगणकशास्त्रज्ञ आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखाली गट होता. त्यांचं म्हणणं असं की शाळेतलं गणित मुलांमध्ये भीती आणि अपयशाची भावना तयार करतं, आणि खरं उद्दिष्ट मुलाचा विचार गणिती करणं हे असायला हवं. आज २०२३ च्या आराखड्यात जे वाचून लोक 'वा, काय नवीन' म्हणतात त्यातलं बरंच तिथे होतं. प्राथमिकची पुस्तकंही बदलली होती, गोष्टी, चित्रं, बाजार, मासे, सगळं होतं. वर्ग मात्र फारसा बदलला नाही, कारण पुस्तक बदलणं हे यातलं सगळ्यात सोपं काम.

'वीस एक' आठवतंय?

महाराष्ट्राचा स्वतःचा धडा २०१९ चा. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससोबत 'वीस एक', त्रेसष्टसोबत 'साठ तीन' असं वाचन दिलं. केवढा गहजब झाला, विधानसभेपर्यंत विनोद गेले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्या शांतपणे सांगत होत्या की जुनी पद्धत काढलेली नाही, दोन्ही दिल्यात. कारणही साधं होतं, आपण पंचवीस म्हणताना पाच आधी बोलतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, त्यामुळे सहा-सात वर्षांचं पोर ५२ लिहून मोकळं होतं. वर त्र्याऐंशी, सत्त्याण्णव ही जोडाक्षरं. कन्नड, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधी येतं, त्यांना हा त्रास नाही.

मला स्वतःला त्रेसष्ट आवडतं, ते जाऊ नये असं वाटतं. पण शिकवण्याची अडचण खरी होती आणि तिच्यावर चर्चा झालीच नाही, चर्चा झाली अस्मितेवर. पालकांना आधी विश्वासात न घेता छोटा बदल केला तरी काय होतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. आणि आता येतोय तो बदल याच्या कितीतरी पट मोठा आहे.

मग पाढे पाठ करायचे की नाही?

करायचे. इथे नव्या पद्धतीचे काही उत्साही समर्थक चुकतात असं मला वाटतं. आराखडा पाढ्यांच्या विरोधात नाहीये, लहान वर्गांसाठी त्यात रोजच्या तासाचे चार भाग सुचवलेत, तोंडी गणिताच्या गप्पा, नवीन कौशल्य शिकवणं, सराव आणि खेळ. सराव आहेच की त्यात. सात आठे छप्पन शोधायलाच अर्धा मिनिट लागला तर लसावि काढताना पोराच्या डोक्यात जागाच उरत नाही. डिसेंबर २०२४ च्या 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणात सहावीच्या जेमतेम ५३ टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे नीट येत होते, आणि त्यांच्यापुढे कितीही सुंदर कोडं ठेवलं तरी ती पहिल्या पायरीला अडकणार. फक्त पाढा पाठ व्हायच्या आधी सात आठे म्हणजे आठ-आठच्या सात ओळी हे एकदा मांडून बघितलेलं असावं, एवढीच मागणी आहे.

हे वैदिक गणित आणायचं निमित्त आहे का?

नव्या पुस्तकांत ब्रह्मगुप्त आहे, विरहांक आहे (दोघेही जुने भारतीय गणिती), पायथागोरसच्या प्रमेयाला बौधायनाचंही नाव जोडलंय. त्यामुळे ही शंका येते. पण ऋण संख्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात मांडले हा सरळ इतिहास आहे, आणि ऋण संख्यांच्या धड्यात तो सांगणं योग्यच. क्लासमध्ये 'वैदिक गणित' म्हणून ज्या झटपट युक्त्या विकतात त्या १९६५ मध्ये छापलेल्या एका पुस्तकातल्या आहेत, वेदांतल्या नाहीत. दोन्हींची सरमिसळ कोणी करायला लागलं तर तेव्हा भांडू.

पण दहावीचा पेपर?

आता खरी मेख. वर्गात काय शिकवलं जातं हे पुस्तक ठरवत नाही, पेपर ठरवतो. शिक्षकाला माहीत असतं, पालकांना माहीत असतं, अपेक्षित प्रश्नसंच छापणाऱ्यांना तर सगळ्यात आधी माहीत असतं. पेपरात 'सूत्र वापरून सोडवा' असेल तर सहावीतल्या कापरेकरांच्या धड्यावर शिक्षक दोन तास का घालवेल? जुलैमध्ये घालवेलही, जानेवारीत नाही.

सीबीएसईने २०२० च्या दहावीपासून गणिताचे दोन पेपर केले, स्टँडर्ड आणि बेसिक. अभ्यासक्रम तोच, पुस्तक तेच, फक्त पेपरची काठिण्यपातळी वेगळी. ज्याला पुढे गणित घ्यायचंच नाही त्याच्यावरचा ताण कमी झाला हे चांगलं, पण वर्गात दोघं एकाच बाकावर बसतात, मग शिकवायचं कुठल्या पातळीला? आपल्याकडे पूर्वी दहावीला सामान्य गणिताचा पर्याय होता, तो आधीच्या एका अभ्यासक्रमबदलात बंद झाला. मग २०२४ मध्ये बातमी आली की राज्य आराखड्यानुसार गणित-विज्ञानात ३५ च्या खाली पण २० किंवा त्याच्या वर गुण असले तर शेरा मारून अकरावीला जाऊ देणार, पुढे गणित-विज्ञान मात्र घेता येणार नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी आरडाओरड झाली. पण २० की ३५ हा उंबऱ्याचा प्रश्न झाला, पेपरात काय विचारायचं हा खरा प्रश्न बाजूलाच राहिला.

जेईई आणि स्कॉलरशिपवाल्यांचं काय?

ही काळजी मला रास्त वाटते. बीजगणित सातवीत, गुणोत्तर-प्रमाण आठवीत सरकवलं म्हणजे ते नाहीसं झालं नाही, पुढे ढकललं गेलं. नववी-दहावी आणि अकरावी-बारावीचा भार त्याच प्रमाणात हलका केला नाही, तर सहावीत आरामात चाललेल्या मुलाला नववीत एकदम धाप लागणार. ज्यांना परवडतं ते क्लास लावून भरून काढतील, ज्यांना नाही ते मागे पडतील.

शिक्षकांनी हे करायचं कधी?

पाऊण तासाच्या आत-बाहेरचा तास आणि वर्गात पन्नास मुलं. प्रत्येकाला 'तू कसं केलंस' विचारायचं म्हटलं तर हजेरीत तास संपेल. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तर दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, त्यातला एक बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला गेलेला, दुसरा पोषण आहाराची नोंद करतोय.

आणि नुसता वेळच नाही. जुन्या पद्धतीत शिक्षकाला बरोबर उत्तर माहीत असलं की भागत होतं. आता चुकीचं उत्तर वाचता यावं लागतं. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहिणारं मूल आळशी नाहीये, त्याने वरच्यात वरचे आणि खालच्यात खालचे मिळवलेत, कारण अपूर्णांक ही एक संख्या आहे हे त्याला अजून दिसलेलं नाही. ०.२५ हे ०.५ पेक्षा मोठं म्हणणारं मूल २५ आणि ५ ची तुलना करतंय. या चुका प्रत्येक वर्गात, दरवर्षी, त्याच त्या येतात. त्या कशा हाताळायच्या हे शिकायला शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाबरोबर बसावं लागतं, धडा आखून परत वर्गात करून बघावा लागतो. मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवून प्रमाणपत्र डाउनलोड करण्याच्या प्रशिक्षणातून हे होणार नाही, आणि सध्या बहुतेक प्रशिक्षण तसलंच आहे.

पालकांच्या हातात काय आहे

पहिलं म्हणजे पोराने घरी वेगळ्या पद्धतीने उत्तर काढलं तर ती पद्धत खोडून आपली लादू नका, आधी ऐकून घ्या, बरोबर असेल तर दोन्ही असू द्यात. पाढे आणि तोंडी हिशोब घरी घ्या, शाळेत त्याला वेळ कमी पडतोय हे गृहीत धरा. किराणाचं बिल आणि एसटीचं तिकीट पुरतं त्याला, वेगळी वर्कबुकं नकोत.

पालकसभेत 'पोर्शन कुठपर्यंत आला' याऐवजी घटक चाचणीचा पेपर मागून बघा. त्यातले सगळे प्रश्न पुस्तकातलेच आकडे बदलून असतील तर समजा की शाळेने फक्त पुस्तक बदललंय. आणि मूल सीबीएसईला नववी-दहावीत असेल तर स्टँडर्ड की बेसिक हे मैत्रिणीने काय घेतलं यावरून ठरवू देऊ नका. मूळ नियम असा होता की बेसिक घेतलं तर अकरावीत गणित मिळणार नाही, कोविडच्या काळात त्यात सवलत आली, त्यामुळे सध्या काय चालतं आणि पुढे घ्यायच्या ठिकाणी काय मागतात हे फॉर्म भरायच्या आधी शाळेतून लेखी विचारून घ्या.